बटलरबाबांच्या डाव्या हाताला

प्रभूभोजनाच्या रविवारी आमच्या चर्चमधली उपासना एका ठिकाणी हमखास अडायची. पाळकसाहेब भाकर मोडून झाल्यावर पेल्याला हात घालणार, तेवढ्यात पुरुषांच्या सतरंजीच्या अगदी शेवटच्या टोकाला बसलेले बटलरबाबा गुडघ्यावर हात टेकून उठायचे.

“जरा थांबा पाळकसाहेब. कुनीतरी येतंय.”

मग ते दाराशी जात, कपाळावर हाताची सावली धरत आणि शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्याकडे निरखून पाहत. रस्त्यावर कुणी नसायचं. फार तर एखादी शेळी. सगळी मंडळी मान वळवून बसलेली, पाळकसाहेब पेला धरून उभे. बाबा परत येत, आपल्या डाव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी सोडून बसत आणि म्हणत, “न्हाई. चालू द्या.”

एकदा मात्र खरंच एक माणूस आला. बेलापूरचा बैलांचा दलाल होता, गावात नवखा. बाबांनी त्याला दंडाला धरून आत आणलं, पायताण काढायला लावलं आणि डाव्या हाताला बसवलं. पाळकसाहेबांनी घाईनं विचारलं, “आपला बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत झाला?” तो म्हणाला, “त्यो मला नको. मला नुसती येष्टी कुठं थांबते तेवढं सांगा.” बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले. बाबांनी त्याला येष्टीची जागा दाखवली, पण तोंड असं पडलं होतं, जसा काही घरचा पाहुणा न जेवता गेला.

बाबांचं खरं नाव शांतवन. पण नगरच्या लष्करी छावणीत, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, त्यांनी उमेदीची सारी वर्षं वाढप्याचं काम केलं होतं. आधी गोरे साहेब, मग आपले. निवृत्त होऊन गावी आले ते मेस बरोबर घेऊनच आले. पितळी बटणांचा पांढरा कोट आणि डाव्या हातावर घडी घातलेलं फडकं, या थाटात ते बाजारात मेथीची जुडी घ्यायला जात. बाजारकरीण जुडी फेकून द्यायची. बाबा ती परत ठेवायचे आणि म्हणायचे, “मेसमध्ये असं चालत न्हाई. दोन्ही हातांनी दे.”

‘मेसमध्ये असं चालत न्हाई’ हे वाक्य गावात कुणाला चुकलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते नवरदेवाच्या मागे ताठ उभे राहत आणि वाढप्यांवर दबक्या आवाजात खेकसत, “डावीकडून वाढ, उजवीकडून उचल.” एका मयतीला लोक खाटेच्या डाव्या बाजूनं प्रेत उचलायला वाकले, तर बाबांनी त्यांना अडवलं. “उचलायचं ते उजवीकडून.” रडणाऱ्या बायका क्षणभर गप्प झाल्या. लोकांनी मुकाट्यानं बाजू बदलली. कुणी वाद घालत बसलं असतं तर ऊन वाढलं असतं.

माझ्यावर त्यांचे उपकार आहेत, हे आधीच सांगतो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. मी नगरच्या कॉलेजात निघालो तेव्हा त्यांनी मला खोक्याच्या टेबलाशी बसवून काटा-चमचा धरायला शिकवलं. काट्याच्या जागी बाभळीची दुबेळकी काडी होती. “उद्या मोठ्या लोकांत बसशील. हात थरथरता कामा नये.” होस्टेलात चारी वर्षं आम्ही आमटी-भात हातानं कालवून खाल्ला, काटा मला दिसलासुद्धा नाही. पण पदवीदानाला गळ्यात होता तो टाय बाबांचा होता, आणि गाठही त्यांनीच घालून दिली होती. ती सोडायची कशी हे न कळल्यानं मी तो तसाच डोक्यावरून काढून गावी आणला. तेव्हापासून मी त्यांचा ‘बी.ए.’ झालो. नावानं त्यांनी मला पुन्हा हाक मारली नाही.

त्यांची बायको फार पूर्वी वारली होती. मुलगा पुण्याकडं कारखान्यात होता. नाताळला यायचा, मग तेही थांबलं. एकदा संध्याकाळी मी त्यांच्या खोलीशी गेलो तर आतून आवाज आला, “डिनर तयार आहे, साहेब.” मी डोकावलो. बाबा कोट घालून खुर्चीमागे उभे. समोर खोक्यावर धुतलेलं फडकं, त्यावर भाकरी, पिठलं आणि कांदा. मग त्यांनी कोट काढून खिळ्याला लावला, पुढे येऊन खुर्चीवर बसले आणि भाकरी मोडली.

“साहेब कोण, बाबा?”

“कोट काढला की मीच साहेब,” ते म्हणाले. “दुसरा आनायचा कुठनं?”

आता त्या रिकाम्या जागेविषयी. त्यासाठी आमच्या मंडळीचा इतिहास सांगावा लागतो, आणि तो सांगण्याचं काम पंचांनी माझ्यावरच टाकलं होतं. मंडळीला पाऊणशे वर्षं होत होती. तो दुष्काळाचा काळ. विहिरी आटलेल्या, निम्मी मंडळी सरकारी कामावर खडी फोडायला. तरीही अमृतमहोत्सव करायचा असं ठरलं आणि गावच्या हायस्कुलात नुकताच मास्तर झालेल्या मला इतिहास लिहायला सांगितलं.

हा इतिहास म्हाताऱ्यांना तोंडपाठ होता. गावात दोन आळ्या ख्रिस्ती झाल्या. वरची आळी महारवाड्यातून आलेली, खालची मांगवाड्यातून. गोऱ्या पाद्रीसाहेबानं चिंचेखाली सगळ्यांना एकत्र बसवून पहिलं प्रभूभोजन दिलं. पेला एकच. तो हातोहात फिरत खालच्या आळीतल्या बाबांच्या वडलांपर्यंत आला. ते प्याले आणि त्यांनी पेला डाव्या हाताला बसलेल्या माणसापुढे धरला. तो माणूस उठला आणि चालता झाला. तो माणूस म्हणजे वरच्या आळीतले माझे आजोबा. गावात दोघांनाही पाणवठा नव्हता, दोघांच्याही सावलीचा विटाळ होता, आणि तरीही आमच्या आजोबांना आपल्याखाली कुणीतरी लागत होतं.

पुढे तडजोड झाली. आधी वरची आळी पिणार, मग खालची. बायकांना वेगळा पेला, पण क्रम तोच. हळूहळू खालच्या आळीतले लोक पोटासाठी नगरला, पुण्याला, मुंबईला गेले. पुरुषांत उरले एकटे बटलरबाबा. पेला त्यांच्यापाशी संपायचा. वरच्या आळीतला कुणी उशिरा आलाच तर दाटीवाटीनं पुढे घुसायचा, नाही तर परत फिरायचा. बाबांच्या डाव्या हाताला कुणी बसायचं नाही.

कॉलेज संपवून आलो तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, “मी बसतो ना तिथं.”

त्यांनी मला उजव्या हाताला बसवलं. “तू हितं बस. तू शिकलेला, तुला समदं चालतं. तुझ्या बसन्याला काय किंमत? ज्याचा बाप उठून गेला त्यानं बसाया पायजे.”

म्हणजे माझ्या वडलांनी. आमचे दादा गवंडी होते, मंडळीचे पंच होते आणि बाबांच्याच वयाचे होते. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले. पण मोठेपणी दादांनी बाबांच्या घरचं पाणी पिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. “आपल्यात जात नाही,” असं मात्र ते नेहमी म्हणायचे. आमच्याकडे हे वाक्य मीठ-भाकरीसारखं रोजचं होतं.

मी इतिहास लिहिला आणि पंचांपुढे वाचला. चिंचेखालचा प्रसंग आला तसे सगळे छताकडे पाहू लागले. सेक्रेटरी साळवे मास्तर हे निवृत्त हेडमास्तर, फार स्वच्छ बोलणारे. ते म्हणाले, “हे लिहून कुणाचं भलं होणार? पाहुणे येणार आहेत. ‘मंडळी पहिल्यापासून एका पेल्यातून पीत आली’ असं लिहा. ते खोटं नाही.”

ते खोटं नव्हतं. तसंच छापलं गेलं. दादा त्या बैठकीत एक शब्द बोलले नाहीत.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते चाकूला राख लावून घासत होते. “बरं झालं,” म्हणाले. “उष्टी ताटं मागच्या दारानंच न्यायची असत्यात. म्होरं टेबलावर चादर सफेद पायजे.”

अमृतमहोत्सवासाठी साळवे मास्तरांनी आणखी एक सुधारणा आणली. नगरच्या एका दानशूर गृहस्थानं चिमुकल्या ग्लासांचा संच पाठवला होता. लाकडी तबकाला भोकं आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा ग्लास. प्रत्येकाचा पेला वेगळा. त्यावर मत घ्यायला मंडळीची सभा बोलावली.

“हा आरोग्याचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “एकाचा उष्टा पेला दुसऱ्यानं प्यायचा म्हणजे जंतू पसरतात. गावात क्षयाचे रोगी आहेत.”

बाबांनी एक ग्लास उचलून उजेडात धरला. “हे तर मेसमधलं शेरीचं ग्लास. कर्नलसाहेब जेवनाआधी प्यायचे. आन् यात वतनार काय, मनुका उकळल्यालं पानी?”

लोक हसले.

“दुसरं इचारतो. गावात प्यायला पानी न्हाई. हे एवढे ग्लास धुनार कोन?”

मग मास्तर फार गोड आवाजात म्हणाले, “बाबा, त्या कामाची तुम्हालाच माहिती आहे.”

तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. बाबांनी ग्लास तबकात परत ठेवला, बरोबर त्याच्याच भोकात. “धुतो की. जलम त्यात गेला. पन जंतूंचं सांगू नका. सावळ्या,” ते माझ्या वडलांकडे वळले, “तुज्या बापाला चिंचेखाली जंतू दिसलं हुतं का रं?”

दादांच्या मानेच्या शिरा फुगल्या. ते म्हणाले, “मेलेल्या माणसाला सभेत आणू नकोस, शांतवन.”

“मी न्हाई आनला. त्यो गेलाच न्हाई. हितंच बसलाय माज्या डाव्या हाताला, म्हनून दुसऱ्या कुनाला जागा हुईना.”

हात वर झाले. बाबा सोडून सगळ्यांचे. दादांचाही, पण अर्धाच. महोत्सवाच्या रविवारपासून ग्लास वापरायचं ठरलं. त्याआधीच्या महिन्यातलं प्रभूभोजन जुन्या पेल्याचं शेवटचं.

त्या दिवशी दादा जेवायला बसले नाहीत. ओट्यावर बसून म्हणाले, “चारचौघांत माझा बाप काढला त्यानं.”

आई आतून म्हणाली, “काढला, पण खोटा काढला का?”

दादा उठून अंगणात गेले. त्यांच्यात आणि बाबांत बोलणं फारसं नव्हतंच. आता समोरासमोर येणंही थांबलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबा पेन्शनच्या कामासाठी म्हणून नगरला गेले. मुक्काम लांबला. परत आले तेव्हा कोट अंगावर सैल दिसत होता. एरवी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या ओट्यावर येऊन माझ्या चहातली बशी उचलायचे आणि चहाला शिव्या देत प्यायचे. आता येत, पण लांब खांबाला टेकून उभे राहत.

“चहा घ्या ना बाबा.”

“सोडला.”

“मेसमध्ये चालत नाही का?”

“व्हय. तसंच समज.”

मला वाटलं, दादांवरचा राग माझ्यावर निघतोय. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. चिंचेखालून उठून जाणारा मी काही नव्हतो.

जुन्या पेल्याचा शेवटचा रविवार आला. चर्च निम्मं रिकामं होतं. पोटामागे गेलेले लोक खडीवरून परतले नव्हते. मी बाबांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो. दादा आलेले नव्हते. घरातून आमच्याबरोबर निघाले आणि वाटेत ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणून थांबले होते. मला वाटलं, ते आज टाळणार.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि पेल्याला हात घालायच्या आधी सवयीनं थांबले. सगळ्यांनी शेवटच्या टोकाकडे पाहिलं. बाबा हलले नाहीत. मान खाली, हात मांडीवर.

“बाबा,” पाळकसाहेब हसून म्हणाले, “आज कुणी येणार नाही का?”

“न्हाई. लवकर चालू करा.”

आणि नेमके तेव्हाच दारात दादा उभे राहिले. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. पटका काढून त्यांनी काखेत घेतला. पुढच्या रांगेतल्यांनी सरकून त्यांना जागा केली. दादा तिकडे वळले नाहीत. ते भिंतीच्या कडेनं सरळ मागे आले आणि बाबांच्या डाव्या हाताला उभे राहिले.

बाबांनी वर पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होतो. मला दिसली ती भीती.

“सावळ्या, म्होरं जा. जागा हाय तिकडं.”

“मला हितंच बसायचंय.”

“हट्ट करू नको. आज नको.”

“आज नाही तर कधी?” दादा म्हणाले आणि मांडी घालून बसले.

पुढून कुणीतरी हलकेच म्हणालं, “बघा, म्हाताऱ्याचा ताठा. माणूस आपण होऊन आला तर जा म्हणतो.” बाबांनी ते ऐकलं असणार.

पेला निघाला. पुढच्या रांगा उरकून माझ्याकडे आला. मी प्यालो आणि बाबांना दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांचं सारं आयुष्य पेले देण्यात गेलं होतं, पण तो पेला त्यांच्या हातात हलत होता. त्यांनी तो तोंडापाशी नेला. मी अगदी शेजारी होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी पेल्याच्या काठाला ओठ लावले नाहीत. श्वाससुद्धा रोखून धरला होता. रस होता तिथंच राहिला. इतरांना वाटावं तेवढा वेळ त्यांनी पेला तसा धरला, खाली घेतला आणि दादांपुढे केला.

दादांनी डोळे मिटले आणि पेला तळापर्यंत रिकामा केला.

दादांनी गिळलेलं पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पाळकसाहेबांचा आवाज पुढच्या प्रार्थनेत दोनदा अडखळला. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. माझं प्रार्थनेत लक्ष नव्हतं. मला वाटत होतं, म्हाताऱ्यानं सूड घेतला. आयुष्यभर ज्या माणसाची वाट पाहिली तो आला, आणि हा त्याच्याबरोबर एका पेल्याला ओठ लावायलाही तयार नाही.

उपासना सुटल्यावर मी त्यांना मागच्या अंगणात गाठलं. ते चुलीवर पाणी ठेवून पेला उकळत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “लांब उभा ऱ्हा. तू बघितलंस.”

“बघितलं. दादांनी एवढं केलं, आणि तुम्ही...”

“नगरला छातीचा फोटू काढला,” ते म्हणाले. “मास्तर म्हनत हुता ना, गावात रोगी हायेत. त्यातला एक म्या. उद्याच्या येष्टीनं दवाखान्यात निघालोय. म्हनलं जायच्या आधी शेवटचा पेला पिऊन जावं. माज्यामागं कुनी नसतंच, म्हंजे कुनाला धोका न्हाई. आन् तुजा बाप आजच आला.”

पाणी उकळायला लागलं होतं.

“तुमचं प्रभूभोजन राहिलं, बाबा.”

“ऱ्हाईलं.” त्यांनी चिमट्यानं पेला पाण्यात फिरवला. “बटलर पंगतीत जेवत न्हाई, बी.ए. वाढतो.”

“मी दादांना सांगतो. त्यांना कळायला हवं.”

“खबरदार,” ते म्हणाले, आणि मग आवाज उतरला. “त्याला वाटंल, बसलो ते फुकट गेलं. त्यो जिता हाय तवर तोंड उघडायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी बाबा नगरला गेले ते परत आले नाहीत. महोत्सवाला पाहुणे आले, ग्लासांचं तबक फिरलं. ते ग्लास शेवटी साळवे मास्तरांच्या सुनेला धुवावे लागले. इतिहासाच्या प्रती वाटल्या गेल्या, आणि माझं नाव त्यावर ठळक छापलेलं पाहून आई रडली. दादा पुढे बरीच वर्षं जगले, आणि मी शब्द पाळला.

पण त्या रविवारची दुपार सांगायची राहिली. मी घरी आलो तर दादा पाटावर बसले होते. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवत होते. आईनं वाढलेली भाकरी त्यांनी नको म्हटली नाही. मध्येच घास हातात धरून ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “विडी ओढतो वाटतं शांतवन. पेल्याच्या काठाला त्याच्या तोंडाचा वास होता.”

मी पाटावर बसलो आणि ताट पुढं ओढलं.

“लई घाण वास,” दादा म्हणाले. “पण प्यालो मी.”